जुन्या यंत्राची लाल वही

देवासपासून दहा-बारा मैलांवर आमचे मूळ गाव आहे. तेथील घराच्या ओसरीवर, देवघराच्या भिंतीतील कोनाड्यात, एक लांबट लाल वही ठेवलेली असते. घरची शेती आमचे धाकटे बंधू पाहतात आणि वहीतील अक्षरही त्यांचेच आहे. पहिल्या पानावर 'श्री' आणि त्याखाली 'बेलर, २०१३' एवढेच लिहिलेले आहे. पुढची सारी पाने म्हणजे एका यंत्राच्या आजारपणाचा इतिहास होय. कोणत्या तारखेस काय मोडले, कोणी दुरुस्त केले, किती रुपये लागले याची नोंद बंधूंनी दहा वर्षे नेमाने ठेवली. आमच्या नोकरीत आम्ही नाना तऱ्हेची दप्तरे पाहिली. इतके प्रामाणिक दप्तर क्वचितच पाहावयास मिळाले.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा शेतीशी संबंध आता खसरा-खतौनीच्या कागदापुरता उरला आहे, हे आम्ही जाणून आहो. पणजोबांनी दरबारी चाकरीत मिळविलेली जमीन कोणी विकली, कोणी बटाईने दिली, आणि मंडळी इंदूर-ग्वाल्हेरच्या सदनिकांत स्थिरावली. तेव्हा हे यंत्र काय करते ते प्रथम सांगावयास हवे.

गहू आता हार्वेस्टरने कापला जातो. हार्वेस्टर वरच्या ओंब्या घेऊन जातो आणि मागे गुडघाभर खुंट व मोकळे काड टाकून देतो. आमच्या माळव्यात या मागे राहिलेल्या पसाऱ्याला नरवाई म्हणतात. ती गोळा करून भुसा करावा, गाईम्हशींस घालावा, नाहीतर काडी लावून मोकळे व्हावे. काडी लावणे सर्वांत स्वस्त, आणि म्हणूनच सर्वांत वाईट. बेलर हे यंत्र ट्रॅक्टरच्या मागे जोडलेले असते. कापून ओळीने लावलेले काड ते आपल्या लोखंडी बोटांनी उचलते, एका पेटीत ढकलते, आणि आतला दट्ट्या मिनिटास ऐंशी-नव्वद ठोके देत ते दाबत राहतो. पुरेशी लांबी भरली की खालून दोन लांब वाकड्या सुया सुतळी घेऊन वर येतात, वरचा भाग गाठ मारतो, सुतळी कापतो, आणि चौकोनी, घट्ट बांधलेली गासडी मागून बाहेर पडते. गावातील मंडळी तिला 'गठान' म्हणतात. मोकळ्या भुशाने भरलेली ट्रॉली रस्त्याने चालली की निम्मे वारा खातो. गासड्या मात्र नीट रचून गोशाळेपर्यंत नेता येतात.

येथे आमच्यातील भाषेचा शिक्षक थोडा डोके वर काढतो, त्यास वाचकांनी क्षमा करावी. जनावरांच्या चाऱ्यासाठी आपल्या मराठीत किती नेमके शब्द आहेत पाहा. ज्वारीचा तो कडबा, भाताचा तो पेंढा, बाजरीचे सरमाड, गव्हाचा गव्हांडा, आणि या सर्वांस मिळून वैरण. पेंढी बांधावयाच्या गवताच्या वेढ्यास 'आळा' म्हणत. कोणाच्या खर्चाला आळा घालावा असे कोणी म्हणाले की आमच्या डोळ्यांपुढे वडिलांच्या हातातील तो पीळ दिलेला वेढा उभा राहतो. वडील एका हाताने पेंढी गुडघ्याखाली दाबत, दुसऱ्या हाताने आळा फिरवीत आणि टोक खोचून देत. दोन क्षणांचे काम. लोखंडाला हे काम शिकविण्यास माणसाला किती वर्षे लागली!

अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतातील जॉन अ‍ॅपलबी या गृहस्थाने १८७८ साली सुतळीची गाठ आपोआप मारणारे यंत्र सिद्ध केले, तेव्हा ते कापलेल्या धान्याच्या पेंढ्या बांधण्यासाठी होते. पुढे पेनसिल्व्हेनियातील एडविन नोल्ट या शेतकऱ्याने शेतात फिरत स्वतःच काड उचलणारे, दाबणारे आणि बांधणारे यंत्र बनविले, आणि १९४० पासून ते कारखान्यात तयार होऊन विकले जाऊ लागले. मधल्या काळात जगात काय काय घडले! तथापि आमच्या बंधूंच्या बेलरचे झाकण उघडून पाहिले तर आत त्या अ‍ॅपलबीचीच चोच दिसते. सुतळी धरणारी एक चकती, तिच्याभोवती गरकन फिरणारी एक लोखंडी चोच, ती सुतळीचा वेढा घेते, जबडा उघडते, टोके पकडते, आणि एक दांडी येऊन वेढा त्या टोकांवरून सोलून काढते. झाली गाठ. आमच्या पुतण्याने हे आम्हास हाताने सावकाश फिरवून दाखविले. तीनदा पाहूनही आम्हास ते नीट उमगले नाही, आणि चौथ्यांदा उमगले तेव्हा एखादा अवघड श्लोक लागावा तसा आनंद झाला.

परंतु इतके नाजूक काम करणारे अवयव धुळीत, उन्हात आणि काडाच्या भुग्यात काम करतात, ही त्यांची शोकांतिका. चोचीच्या जबड्याची स्प्रिंग ढिली झाली की गाठ पुरी होण्याआधीच निसटते. ती फार आवळली की सुतळी गाठीपाशीच तुटते. चकतीची पकड सैल पडली तर एक टोक निसटून जाते. पाते बोथट झाले की टोके पिंजल्यासारखी होतात. दोहोंपैकी एकच सुतळी बांधली गेली तर गासडी मागून बाहेर पडताच केळफुलासारखी उलगडते आणि मागून चालणारा मजूर हात वर करून ओरडतो. वहीच्या पहिल्या तीन-चार वर्षांच्या नोंदी बहुतेक अशाच आहेत. स्प्रिंग, पाते, चकती, उचलणारी बोटे. दोनशे रुपये, आठशे रुपये, कुठे दीड हजार. हे दुखणे नव्हे, ही झीज होय. चपलेचा तळ झिजावा तशी. ज्याला यंत्र राखावयाचे त्याने ही झीज पोटात घालावीच लागते.

यंत्र पंजाबातून आणले तेव्हा ते सात वर्षांचे होते आणि बंधूंनी त्यास तीन लाख साठ हजार मोजले. पहिल्याच हंगामात ते गावात नवलाचे ठरले. घरचे बीघे उरकून शेजाऱ्यांची शेतेही बंधू करून देऊ लागले. मोठ्या पुतणीचे नर्सिंगचे शिक्षण त्या गासड्यांवर झाले, असे आमची भावजय सांगते, आणि वही पाहता ते खोटे वाटत नाही. ज्या वस्तूने घरात असे काही आणून दिले तिच्याविषयी माणसाचे मन मऊ होते. बंधू तिला 'यंत्र' म्हणतच नसत. दसऱ्याला झेंडूची पहिली माळ ट्रॅक्टरला नव्हे, बेलरला.

२०१९ पासून वहीत एक नवीच नोंद दिसू लागते: 'बोल्ट तुटला.' मग पुन्हा, 'बोल्ट तुटला.' एका दिवसात चार वेळा!

हा बोल्ट काय आहे हे आम्ही मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण साऱ्या प्रकरणाची कळ त्यात आहे. यंत्राच्या पुढच्या बाजूस एक जड चाक गरगरत असते. त्या चाकाची शक्ती आतल्या दट्ट्यास एका साध्या बोल्टमार्गे मिळते. त्यास शिअर बोल्ट म्हणतात. तो जाणूनबुजून मऊ लोखंडाचा केलेला असतो. पेटीत एखादा दगड आला, ओल्या काडाचा गोळा अडकला, सुया अडखळल्या, तर सर्वांत आधी त्याने तुटावे आणि बाकीचे यंत्र वाचावे, एवढ्यासाठीच त्याचा जन्म. किंमत काही रुपये. आमच्या भगिनीवाचकांस उदाहरण द्यावयाचे तर मिक्सरच्या भांड्याखालचा तो लहानसा कपलर घ्यावा. सुके खोबरे अडकले की तो झिजतो, तुटतो, आणि मोटार वाचते. जुन्या घरांत विजेच्या फ्यूजची तार असे, तिचेही कार्य हेच. आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार बांधणारे शहाणे कोणत्या घरात नव्हते?

तेच येथे घडले. हंगामातील मजूर खोळंबलेले, ट्रॅक्टर उभा, आणि दर तासाने खाली वाकून बोल्ट बदलावयाचा. कंटाळलेल्या ड्रायव्हरने एके दुपारी दुकानातून कडक पोलादाचा बोल्ट आणून ठोकला. आणि काय आश्चर्य! बोल्ट तुटणे थांबले. बंधूंच्या वहीत त्या आठवड्यात एकही नोंद नाही. आमचे पुतणे त्या वेळी इंदुरास पॉलिटेक्निकात शिकत होते. सुटीत घरी आल्यावर त्यांनी झाकण उघडले, तो बोल्ट पाहिला, आणि वडिलांस इतकेच म्हणाले, ''बाबा, आता तुटेल ते बोल्टपेक्षा मोठे तुटेल.''

ते २०२२ साली तुटले. गिअरबॉक्समधील दाते उडाले. वहीत त्या वर्षीची बेरीज एकाहत्तर हजार आहे.

मऊ बोल्ट तरी इतक्या वेळा का तुटत होता? पुतण्याने त्याचा माग काढला, आणि आम्हास वाटते, दुरुस्ती आणि डागडुजी यांतील भेद येथेच आहे. पेटीत शिरणारे काड कापण्यासाठी दट्ट्यावर एक पाते असते आणि पेटीच्या तोंडाशी दुसरे स्थिर पाते. दोहोंतील फट अर्धा-पाऊण मिलिमीटर असावयास हवी. दट्ट्या ज्या पट्ट्यांवरून पुढेमागे सरकतो त्या वर्षानुवर्षे झिजल्या, दट्ट्या डुलू लागला, आणि ती फट तीन मिलिमीटरपर्यंत गेली. आता काड कापले न जाता फाडले जाऊ लागले. फाडण्यास जोर जास्त लागतो. जोर जास्त म्हणून बोल्ट तुटतो. बोल्ट तुटतो म्हणून कडक बोल्ट. कडक बोल्ट म्हणून गिअरबॉक्स. पट्ट्या नव्या बसवाव्यात म्हटले तर ज्या पत्र्यावर त्या बसवावयाच्या तोच जागोजागी पातळ झालेला, आणि दोन ठिकाणी जोडाजवळ चिरलेला. वेल्डिंग केले की वर्षभराने शेजारी नवी चीर. म्हणजे बोटे-पाती झिजणे निराळे आणि हाडे ठिसूळ होणे निराळे. पुतण्याने हे सांगितले तेव्हा बंधू नुसते ऐकत राहिले. मुलाने बापास असे सांगावे आणि बापाने ऐकून घ्यावे, हा प्रसंग आम्ही ओसरीवरून पाहत होतो. दोघांपैकी कोणास अधिक अवघड जात होते, हे सांगता येणार नाही.

तरीही २०२३ चा हंगाम जुन्याच यंत्रावर काढावयाचे ठरले. 'अजून एक वर्ष' हे तीन शब्द शेतकऱ्याच्या घरात फार बोलले जातात.

त्या मार्चात मध्यप्रदेशात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, हे वाचकांस स्मरत असेल. गहू भिजला, कापण्या लांबल्या, आणि मग सर्वांची शेते एकदमच तयार झाली. सर्वांस यंत्र त्याच आठवड्यात हवे. शेजारच्या पटेलांस बंधूंनी शब्द दिला होता: ''परवा तुमच्याकडे येतो.'' पटेलांना नरवाई उचलली की लगेच उन्हाळी मूग पेरावयाचा होता. साठ-पासष्ट दिवसांचे ते पीक पावसाळ्याच्या तोंडाशी घरात यावे लागते. पेरणीस लागलेला एकेक दिवस पुढे जूनमध्ये छातीवर बसतो. आणि त्या 'परवा'च्या आदल्या संध्याकाळी आमच्या बेलरची एक सुई दट्ट्यावर आदळून दोन तुकडे झाली. डुलणाऱ्या दट्ट्याने वेळ चुकविली होती. सुई देवासला मिळेना, इंदुरास मिळेना; पंजाबातून मागवावी लागली. बंधू दररोज पटेलांकडे जाऊन 'उद्या' म्हणत. पटेल भले गृहस्थ. ते एवढेच म्हणत, ''भैया, मूंग का टैम निकल रिया है.''

पाचव्या संध्याकाळी त्यांनी काडी लावली.

वारा आधी त्यांच्या विहिरीकडे होता. अंधार पडता पडता फिरला. बांध ओलांडून ज्वाळा आमच्या शेतात आल्या. रचून ठेवलेल्या चारएकशे गासड्या गेल्या, त्यांचे एवढे नाही. विहिरीवरची तीन आंब्याची झाडे गेली. ती वडिलांनी लावलेली. त्यांतील एकाच्या कैऱ्यांचे लोणचे आमच्या मातोश्री इंदूरच्या सर्व नातलगांकडे धाडीत असत. या अंकाचे काही वाचक त्या बरणीचे साक्षीदार आहेत. सुदैवाने माणूस वा जनावर कोणास इजा झाली नाही. रात्री दहाच्या सुमारास पटेल आमच्या ओसरीखाली येऊन उभे राहिले, वर येईनात. बंधूंनी त्यांना हात धरून वर आणले आणि पाणी दिले. ''काडी तुम्ही लावलीत,'' ते म्हणाले, ''पण पाच दिवस मी तुम्हाला ताटकळत ठेवले.'' नरवाई जाळणे हा गुन्हा आहे हे दोघांनाही ठाऊक होते. २०२५ पासून तर जाळणाऱ्यास शासनाच्या सन्माननिधीस आणि हमीभावाच्या खरेदीस मुकावे लागेल असे राज्य सरकारने जाहीर केले. तो दंड योग्यच आहे. तथापि ज्या शेतकऱ्यास ठरल्या दिवशी यंत्र मिळत नाही त्याच्या हातातील काडीकडे पाहताना त्या यंत्राच्या मालकानेही थोडे आपल्याकडे पाहावे, असे आम्हास त्या रात्रीपासून वाटते.

दिवाळीच्या सुटीत आम्ही गावी गेलो तेव्हा बंधूंनी लाल वही आमच्यापुढे ठेवली. ''दादा, तुम्ही हिशेब करून सांगा. माझे मन यात धड चालत नाही.'' आम्ही भाषेचे शिक्षक खरे, पण प्राथमिक शाळेत असताना गणितही शिकविले आहे. दोघे भाऊ फराळाचे ताट बाजूला सारून बसलो.

नव्या बेलरची किंमत साडेअकरा लाख सांगितली होती. तो दहा वर्षे वापरून तीन लाखांस विकला असे धरले तर वर्षाला पंच्याऐंशी हजारांनी उतरतो. अडकलेल्या पैशांचे व्याज सरासरीने साडेबाहत्तर हजार. नव्याच्याही झिजेचे वीस हजार. एकूण वर्षाला एक लाख साडेसत्त्याहत्तर हजार. जुन्याचे काय? २०२३ ची दुरुस्ती एक लाख चार हजार. त्याची बाजारातील किंमत अडीच लाख धरली; ती वर्षाला पंचवीस हजारांनी उतरणार, आणि तेवढेच तिचे व्याज. झाले एक लाख चोपन्न हजार. म्हणजे इतकी रड होऊनही जुने यंत्रच साडेतेवीस हजारांनी स्वस्त! बंधूंचा चेहरा उजळला. लपवून काय उपयोग, आमचाही उजळला.

तेवढ्यात फराळाची ताटे उचलावयास आलेली भावजय म्हणाली, ''आणि सहा दिवस बंद होते ते कुठे लिहिलेत?''

वहीत ते कोठेच नव्हते. सुट्या भागांचा रकाना होता, मजुरीचा होता, उभ्या राहिलेल्या दिवसांचा नव्हता. आम्ही नवा रकाना आखला. दिवसाला सहाशे गासड्या, डिझेल, सुतळी, मजुरी वजा जाता गासडीमागे बारा रुपये उरतात. म्हणजे दिवसाला सात हजार दोनशे. सहा दिवसांचे त्रेचाळीस हजार दोनशे. जुन्याचा खर्च एक लाख सत्त्याण्णव हजारांवर गेला आणि पारडे फिरले. आणि यात आंब्याची झाडे धरलेली नव्हती. ती कोणत्या रकान्यात धरावयाची?

बंधूंनी मग मनातले खरे कारण काढले. ''दादा, गेल्या वर्षी गिअरबॉक्सला एकाहत्तर हजार घातले. आता विकायचे म्हणजे ते पाण्यात.'' हा विचार फार मानवी आहे आणि फार घातक आहे. गेलेले पैसे दोन्ही वाटांनी गेलेलेच असतात. यंत्र ठेवले म्हणून ते परत येत नाहीत. विचारावयाचे ते पुढच्या वर्षाचे. परंतु हे आम्ही त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? आमच्या स्वतःच्या घरी एक स्कूटर आहे. तिच्यावर दर वर्षी खर्च केला आणि दर वर्षी 'एवढा खर्च केला तर आता कशी विकायची' असे म्हटले. ती अद्याप जिन्याखाली उभी आहे.

यावरून शाळेचे एक आठवले. आमच्या सरकारी शाळेत एखादी खुर्ची मोडली तर तिला मेलेली ठरविण्यास समिती लागते. स्टॉक पंजीत नोंद, तिघांच्या सह्या, वरिष्ठांची मंजुरी, मग अपलेखन. तोपर्यंत तीन पायांची खुर्ची भिंतीस टेकून उभी. पूर्वी आम्ही या पद्धतीची थट्टा करीत असू. पण त्या दिवशी वाटले, तीत एक शहाणपणही आहे. ज्याची वस्तू त्याने एकट्याने तिचा निकाल लावू नये. शिवाय समिती हंगामात, तापलेल्या यंत्राशेजारी उभी राहून निर्णय देत नाही. शेतात उभे राहून घेतलेले निर्णय दोनच प्रकारचे असतात: रागाने 'आजच भंगारात घालतो' किंवा घाईने 'कसेही करून आज चालू दे'. पहिल्याने नुकसान होते आणि दुसऱ्याने कडक बोल्ट बसतो. आमची समिती फराळाच्या ताटांभोवती बसली, तिच्यात भावजय होती, पुतणे होते, आणि समोर वही होती.

नवे घेणे हा एकच मार्ग होता असेही नाही. पुतण्याने सुचविले की घरच्यापुरते भाड्याचे यंत्र आणावे आणि शेजाऱ्यांची कामे सोडून द्यावीत. थोड्या जमिनीच्या शेतकऱ्यास तेच शहाणपणाचे. वर्षातून पंधरा दिवस चालणाऱ्या यंत्रात अकरा लाख अडकविणे सर्वांस परवडणारे नाही. शासकीय अनुदानाची सोडतही होती, तिच्यात नाव आले नाही. बंधूंनी कर्ज काढून नवे घेतले, ते मुख्यतः शेजाऱ्यांस दिलेल्या शब्दासाठी, असे आम्ही समजतो. त्यांनी तसे बोलून दाखविले नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत यंत्र आले.

जुन्याचे काय करावे हा प्रश्न उरला. शाजापुराकडील एक तरुण शेतकरी ते पाहावयास आला. त्याची स्थिती दहा वर्षांपूर्वीच्या आमच्या बंधूंसारखीच. थोडे पैसे, पुष्कळ उमेद. व्यवहारात अशा वेळी रंग मारून, वंगण लावून, यंत्र एका ओळीवर झटकन चालवून दाखविण्याची रीत आहे. बंधूंनी पुतण्यास कागद दिला आणि जे जे दोष आहेत ते लिहावयास सांगितले. अकरा दोष झाले. पातळ पत्रा, दोन चिरा, दट्ट्याची फट, आणि शेवटी बंधूंनी स्वतःच्या हाताने: 'कडक बोल्ट कधी घालू नये.' भावजय आत म्हणाली, असे लिहून दिल्यावर कोण घेईल? त्या तरुणाने कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि अडीच लाखांऐवजी दोन लाख दहा हजार देऊ केले. बंधूंनी ते घेतले. ट्रॉलीवर चढविताना कोणी बघत नाही असे पाहून त्यांनी बेलरच्या जड चाकावर एकदा हात ठेवला. आम्ही बघत होतो.

नव्या यंत्राचाही बोल्ट तिसऱ्याच दिवशी तुटला. पेटीत बांधाचा दगड गेला होता. बंधूंनी शांतपणे खाली वाकून दुसरा मऊ बोल्ट बसविला आणि वहीत, नव्या पानावर, पहिली नोंद केली. या खेपेस पटेलांचे शेत घरच्या शेताआधी झाले.

एप्रिलमध्ये रामनवमीच्या सुमारास आम्ही गावी होतो. रात्री जेवणे चालली असता शाजापुराच्या त्या तरुणाचा फोन आला. सुया वर येऊन अडकल्या होत्या, खाली जाईनात. बंधू उष्टा हात तसाच ठेवून पाऊण तास बोलत होते. आधी ट्रॅक्टर बंद कर, मग चाक हाताने उलटे फिरव, डावीकडच्या गाठीच्या चोचीत जुनी सुतळी गुंडाळली असेल ती चाकूने काप, ओढू नकोस, काप. पलीकडे कोणीतरी विजेरी धरली असावी, कारण बंधू मध्येच म्हणत, ''थोडी वर धर म्हणावे, वर.'' शेवटी पलीकडून यंत्राचा ठोका ऐकू येऊ लागला. बंधूंनी फोन कानापासून थोडा दूर धरून तो सर्वांस ऐकविला, आणि भावजयीकडे वळून म्हणाले, ''भात गरम आहे का अजून?''